आतून लागणारी कडी

सोलापूर,
९ जानेवारी २०२४

प्रभूत प्रिय रिबकाअक्का,
सलाम.

तू विचारलंस, हल्ली हातानं काय काय करतोस. एकदाच सगळं लिहितो, म्हणजे पुन्हा विचारायला नको. राहतं घर, पायापासून पत्र्यापर्यंत; गवंडी फक्त पहिल्या दिवशी आला होता, त्याचा ओळंबा चुकीचा निघाला म्हणून परत पाठवला. यंत्रमागाचे धोटे, पूर्व भागातल्या कुठल्यातरी कारखान्यात त्यातले काही अजून पळत असतील. चर्चमधलं व्यासपीठ, ज्याच्यावर पाळकसाहेब दर रविवारी मूठ आपटतात आणि जे हलत नाही. प्रियंकाचा पाळणा. लग्नाच्या वर्षी मार्थाला केलेलं पोळपाट. वाजवायच्या पेट्या सात. त्यातली पहिली तू वाजवून वाजवून खिळखिळी केलीस. आणि मातीच्या पेट्या, चर्चच्या मंडळीतलं कोणी गेलं की पुरायला लागतात त्या. त्या मी मोजत नाही.

यातलं एकही काम मला कोणी शिकवलेलं नाही. नववीत शाळा सुटली. पुढचं सगळं मोडक्या वस्तू उघडून बघत शिकलो. जे शाळेत जाऊन शिकले त्यांचे सांधे दाखव आणि माझे दाखव, असं मी कोणालाही म्हणू शकतो.

हल्ली म्हणशील तर फक्त मातीच्या पेट्या. मार्थाची केली त्याला येत्या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. तेव्हापासून वाजवायच्या पेटीला हात लावलेला नाही. सुरांचं डबडं माळ्यावर टाकलंय.

येऊन जा म्हणतेस. वळसंग काही परदेशात नाही, हे मलाही कळतं. पण घराबाहेर पडलो की कोपऱ्यावर पोचेपर्यंत कुलूप आठवतं. परत येतो, ओढून बघतो. लागलेलं असतं. पुन्हा निघतो, पुन्हा परत येतो. तोवर एस.टी. गेलेली असते. म्हणून पत्र. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरच्या संदेशांत लोक ऱ्हस्व-दीर्घाची जी वाट लावतात ती मला बघवत नाही.

तुझा भाऊ,
बन्यामीन

*

वळसंग,
१७ जानेवारी २०२४

बेन्या, सलाम.

तुझी यादी वाचली. फुशारकी होती, पण एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून पूर्ण गुण. पोळपाट मात्र एका बाजूला कलतं. मार्था मला कानात सांगायची. तेव्हा मला कान होते.

आता ते पूर्ण गेले. शाळेची घंटा पोरं पळायला लागली की कळते. छातीतला भाताही थकलाय माझा. पाण्याची कळशी घेऊन दारापर्यंत येते आणि तिथंच टेकते. डॉक्टर म्हणाला, हृदय मोठं झालंय. मी म्हटलं, मास्तरणीचं असतंच. तो हसला नाही.

माझं एक काम कर. मला एक पेटी करून दे. सागवानाची, चांगली. दुसऱ्या कोणाच्या हातची नको, तुझ्याच हातची हवी. ईस्टरच्या पहाटेला ती माझ्याजवळ असली पाहिजे, एवढं बघ. यानंतर तुझ्याकडं काही मागणार नाही. हे शेवटचं समज.

घाई करतेय असं वाटू देऊ नकोस. पण उशीरही करू नकोस.

गुरम्मा, माझी शेजारीण, तुला नमस्कार सांगते. तिनं तुला पाहिलेलं नाही, पण म्हणते ओळखते.

तुझी,
अक्का

*

सोलापूर,
२६ जानेवारी २०२४

प्रभूत प्रिय अक्का,
सलाम.

पत्र मिळालं. पेटी करीन. जास्त काही लिहवत नाही.

तीन गोष्टी विचारतो. रागावू नकोस, माप चुकलं की लाकूड वाया जातं, आणि असं लाकूड मी वाया जाऊ देणार नाही. एक, तुझी उंची नक्की किती? दोन, आतल्या बाजूला कापड कोणत्या रंगाचं लावू? तीन, झाकण. मी झाकणाला स्क्रू लावतो. खिळा कधीच वापरत नाही, आजवर कोणत्याच पेटीला वापरलेला नाही. पण तुझी काही इच्छा असेल तर सांग.

लाकूड बघून ठेवलंय. जुन्या वाड्याच्या तुळईचं आहे, चांगलं मुरलेलं. रेषा सरळ.

डॉक्टर आणखी काय म्हणाला? सगळं लिही. लपवू नकोस.

बन्यामीन

*

वळसंग,
४ फेब्रुवारी २०२४

बेन्या, सलाम.

माझी उंची कशाला रे तुला? शिंपी झालास? पाच फूट एक इंच. त्यातला इंचभर वयानं चोरला असेल. हात कुठं येतात, कोपर कुठं येतं, याचा हिशेब करत बसला असशील. तुझा काही नेम नाही.

कापड पांढरं नको, मळतं. मोरपंखी लाव. मला आवडतो.

झाकण बिजागरीचंच कर. स्क्रू कोण काढत बसणार? मला ते उघडता आलं पाहिजे, कोणाला हाक न मारता, पहाटेच्या अंधारातसुद्धा. आणि फार जड नको. दोघांना उचलता यावी.

डॉक्टर काय म्हणाला ते लिहिलं तेवढंच. गोळ्या बदलल्या. पायाला सूज येते, उतरते. जे व्हायचं ते होईल. मला त्याची भीती वाटत नाही, तूही वाटून घेऊ नकोस.

तू कामाला लागलास हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी मंडळीत सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ माझी पेटी करतोय. पाळकांच्या बायकोनं माझा हात धरला आणि डोळे पुसले. भोळी आहे बिचारी.

अक्का

*

सोलापूर,
२० फेब्रुवारी २०२४

प्रभूत प्रिय अक्का,
सलाम.

बिजागरीचं वाचलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. पहाटेच्या अंधारात, कोणाला हाक न मारता. मेलेले उठतील त्या पहाटेवर तुझा किती विश्वास आहे, हे मला त्या एका ओळीत कळलं. माझा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण तू म्हणालीस तसंच केलंय. बिजागऱ्या पितळेच्या. कडी आतून बसवली आहे. नुसत्या बोटानं सरकते, जोर लागत नाही. मी स्वतः करून बघितली.

तीन फळ्या बाद केल्या. पहिलीत गाठ निघाली. दुसरीला केसाएवढी चीर होती. तिसरीत काहीच दोष नव्हता. तरी बाद केली.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, प्रियंकालाही नाही. कामाच्या खोलीतून ठोक ऐकू येते. लाकडात मोठा खिळा ठोकल्यासारखी. दिवसाढवळ्या येते. जेवायला बसलो की येते, दाढी करताना येते. उठून बघतो तर हातोडी भिंतीवर जागच्या जागी. तसले खिळे माझ्या घरात नाहीतच. मार्थाच्या झाकणालाही स्क्रूच होते, ते मी माझ्या हातानं फिरवले. मग ही ठोक कुठली? शेजारच्या सिद्धलिंगप्पाला विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, आमचे माग भंगारात जाऊन वर्ष झालं. आता आमच्याकडं ठोकायला फक्त कपाळ हाय."

मला वाटतं, ही ठोक झालेल्या पेटीची नाही. पुढच्या पेटीची आहे. कोणाची, ते ती सांगत नाही. पुण्याला दवाखान्यात प्रियंकाची रात्रपाळी असली आणि सकाळी तिचा फोन उशिरा आला, की मी फोन हातात धरून खोलीत फेऱ्या मारतो. तुझं काम हातात घेतल्यापासून तर ठोक वाढलीच आहे.

प्रार्थना करतोस का, असं विचारू नकोस. डोळे मिटून बसतो. पहिला शब्द तोंडातून निघायच्या आत ठोक येते, आणि मी हातोडी बघायला उठतो.

बन्यामीन

*

वळसंग,
२७ फेब्रुवारी २०२४

माझ्या बेन्या, सलाम.

मार्था गेल्यापासून तू काहीतरी गिळून बसला आहेस, हे मला कळत होतं. ऐकू येत नाही म्हणजे दिसत नाही असं नाही. पत्रातलं तुझं अक्षर पूर्वी छापल्यासारखं असायचं. दोन वर्षांत ते ओळ सोडायला लागलंय.

तू मला हे लिहिलंस, बरं केलंस. आता माझं ऐक. दारावर ठोक पडली की माणसं काय करतात? उठून दार उघडतात. तू उठून कुलूप बघतोस. हातोडी बघतोस. ठोकणारा कोण आहे, हे एकदा तरी विचारलंस का? मरणच असेल असं कशावरून? आपण ज्याची लेकरं म्हणवतो तोही ठोठावतोच की.

आणि काळजीचं म्हणशील, तर तू तिला रोज रंधा मारून गुळगुळीत करतोस. एवढं कसब त्या कामात घातल्यावर ती सोडवेल कशी? तुझ्या हातचं सगळं चांगलं असतं हे मला माहीत आहे. पण प्रियंकाचा श्वास तुझ्या हातचा नाही. माझाही नाही. ज्याच्या हातचा आहे तो तुझ्यापेक्षा चांगला कारागीर आहे, एवढं मान. मानायला तुला जड जाईल.

मी तुझ्यासारखं मोठं मोठं काही करत नाही. पहाटे उठते, गुडघे दुखतात म्हणून खाटेवर बसूनच तुझं नाव घेते. अगदी हळू, ओठातल्या ओठात. गुरम्माच्या सुनेचं बाळ झोपलेलं असतं पलीकडं. प्रभूला काय कमी ऐकू येतं?

आतल्या कडीचं मला काही कळलं नाही. ते बघितल्याशिवाय कळणारही नाही, तुझी अक्कल जगावेगळी. आता एकही फळी बाद करू नकोस. पेटी घेऊन स्वतः ये.

अक्का

*

सोलापूर,
१२ मार्च २०२४

प्रभूत प्रिय अक्का,
सलाम.

पेटी घेऊन आलो त्या दिवशी तुझ्या दारात बोलणं फार झालं आणि तुला त्यातलं फारच थोडं समजलं. तू डोळे मिटून हसत होतीस. ओठ कोणाचे वाचणार? म्हणून झालं तसं लिहितो. तुला माहीत असायला हवं.

टेम्पोवाल्या बिरदेवचा छोटा हत्ती ठरवला होता. पेटीवर ताडपत्री घातली, कुलूप लावलं, गाडीत बसलो, उतरलो, कुलूप ओढून बघितलं. पुन्हा बसलो, पुन्हा उतरलो. बिरदेव म्हणाला, "मामा, लागलंय की कुलूप. आता काय ओवाळताय का त्याला?" तिसऱ्यांदा उतरायच्या आत त्यानं गाडी सोडली.

तुझ्या गल्लीत शिरलो आणि ताडपत्री उडाली. एक बाई शेणाची पाटी घेऊन येत होती, ती जागीच थांबली. "अय्यो! कोन गेलं?" मग पेटीवरचा क्रूस बघून तिनं पाटीच सोडली. "बाई तर आत्ता झाडत हुत्या की!" तीच गुरम्मा. तिनं पोरांना आत ओढलं. संगप्पा पानपट्टीवरून पळत आला. तेवढ्यात तू केरसुणी घेऊन बाहेर आलीस.

बिरदेवनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. तो मला हळूच म्हणाला, "ह्या कोन?"

मी म्हटलं, "बहीण. हिचीच पेटी."

"मंग ह्या चालत कशा आल्या?"

तू त्याच्याकडं लक्ष दिलं नाहीस. सरळ पेटीपाशी गेलीस, झाकण उचललंस, बिजागरीवरून हात फिरवलास आणि मान हलवलीस. मग आत वाकलीस. मोरपंखी अस्तर चाचपलंस, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नंतर माझ्याकडं वळून मोठ्यानं विचारलंस, "बेन्या, पट्ट्या कुठं आहेत? सूर कुठं बसवलेस?"

अक्का, माझ्या आयुष्यात मी माप चुकलेलो नाही. इथं चुकलो. तू बहिरी, आजारी. बहिऱ्या माणसाला वाजवायची पेटी कशाला लागेल, असं मी धरून चाललो होतो. एकदाही विचारलं नाही. उंची विचारली, रंग विचारला, कोणती पेटी ते विचारलं नाही.

तुला कळलं तेव्हा तुझा चेहरा पांढरा झाला. मग तू हसायला लागलीस. दम लागला म्हणून त्याच पेटीवर बसलीस आणि हसतच राहिलीस. "मेल्या, मला वाजवायला हवी होती! ईस्टरला! मनगट लाकडावर टेकवलं की सूर हाडात लागतो मला अजून. आणि माझं जाऊ दे. तुझ्या हातानं दुसरं काही व्हावं म्हणून मागितली रे."

हे तुझं बोलणं सगळ्यांनी ऐकलं. तुला न ऐकू आलेलं पुढं आहे.

गुरम्मा जवळ आली. माझ्याकडं खालीवर बघून म्हणाली, "तुमीच व्हय ते बेन्या? थांबली का तुमच्या कानातली ठोक?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन कशाला सांगंल? बाई पहाटं पार्थना करत्यात न्हवं? चावडीपतुर ऐकू येतंय. त्यांची पार्थना सुरू झाली की आमी म्हस पिळायला बसतो. आदी लई दिस तुमचं कुलूप हुतं. आता ठोक हाय."

संगप्पा म्हणाला, "तुमची पोरगी पुण्यात दवाखान्यात हाय न्हवं? रात्रपाळी बदलून मिळाली का?"

मी प्रियंकाचंही कोणाला सांगत नाही. आणि इथं पानपट्टीवाल्याला तिची पाळी माहीत. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिथून तसंच निघायचं ठरवलं, तर बिरदेव दुसरं भाडं बघून केव्हाच पसार झालेला. म्हणून राहिलो. तुला वाटलं, तुझ्या आग्रहाखातर राहिलो.

पहाटे तुझ्या आवाजानं जागा झालो. घाबरून उठणार होतो. तू खाटेवर बसलेली, डोळे मिटलेले, चेहरा अगदी कुजबुजणाऱ्या माणसाचा. आणि आवाज पत्रा हलेल एवढा. तू म्हणत होतीस, "बापा, माझ्या बेन्याच्या कानातली ती ठोक काढ. कुठं ठेवायची असेल तर माझ्या कानात ठेव. माझे रिकामेच आहेत." पलीकडं बादलीत दुधाची धार पडत होती. ती थांबली. गुरम्माचा आवाज आला, "व्हय रे देवा, येवढं कर." मग धार पुन्हा सुरू झाली.

मी वाकळ तोंडावर ओढून घेतली. इतकी वर्षं माझं नाव एका अख्ख्या गल्लीनं पहाटेच्या कामात ऐकलं, आणि मी सोलापुरात कुलूप ओढत बसलो होतो, कोणाला कळू नये म्हणून.

हे तुला सांगणार नव्हतो. लिहिलं खरं, पण म्हणून आवाज कमी करू नकोस. म्हैस खोळंबेल.

घरी आल्यापासून ठोक नाही. पहिले काही दिवस मी तिची वाटच बघत होतो. ताट घेऊन बसायचो आणि कान देऊन ऐकायचो. नाही आली. सुरांचं डबडं माळ्यावरून खाली काढलंय. बाद केलेली तिसरी फळी घेतली आहे.

मातीची पेटी तू ठेवून घेतलीस, वाकळा ठेवायला. मला ते बरं वाटलेलं नाही. पण तू ऐकणार नाहीस.

तुझा,
बन्यामीन

*

वळसंग,
१८ मार्च २०२४

बेन्या, सलाम.

मी किती वर्षं ओरडतेय आणि कोणी एका शब्दानं बोललं नाही! गुरम्माला विचारलं तर ती म्हशीकडं बघायला लागली. संगप्पाच्या मुलीचं लग्न, पोस्टमनची दारू, सगळं मी प्रभूला एकांतात सांगितलं होतं. पोस्टमन तीन वर्षांपासून माझ्या डोळ्याला डोळा का देत नाही, ते आज कळलं. पण पीत नाही म्हणे आता.

दुसरं एक. लिहावं की नाही, ठरत नव्हतं. पण तू माझ्याशी खरं बोललास, मीही बोलते.

परवापासून मला ऐकू येतं. बाकी काही नाही. कुकर नाही, पोरं नाहीत, माझा स्वतःचा आवाजसुद्धा नाही. फक्त ठोक. लाकडावर पडल्यासारखी, तू लिहिलीस अगदी तशी.

घाबरले नाही असं लिहिणार होते. पहिल्यांदा घाबरले. हातातली परात पडली. ती पडल्याचं ऐकू आलं नाही, ठोक मात्र आली. मग तुला लिहिलेलं आठवलं आणि माझीच मला लाज वाटली. दुसऱ्याला उपदेश करायला काय जातं? उठले, दार उघडलं. दारात गुरम्माची शेळी उभी होती. तिला म्हटलं, तू होय? दुसऱ्या वेळी उघडलं तर कोणीच नव्हतं, नुसतं ऊन होतं. आता प्रत्येक वेळी उघडते आणि "ये" म्हणते. कोणीही असो. ज्याच्याकडं मी इतकी वर्षं जात राहिले तो माझ्याकडं आला, तर मी कुलूप का बघू?

मी मागितलं आणि मला मिळालं, एवढंच झालंय. तू वाईट वाटून घ्यायचं नाही.

श्वास कमी पडतो. डाव्या कुशीवर झोपवत नाही. दारापर्यंत जाईतो दोनदा भिंत धरते. पण जाते.

माझी पेटी कुठवर आली?

अक्का

*

सोलापूर,
२४ मार्च २०२४, झावळ्यांचा रविवार

प्रभूत प्रिय अक्का,
सलाम.

तुझं पत्र आलं तेव्हा मी भात्याला कातडं चिकटवत होतो. वाचलं, आणि कातडं हातातच वाळलं. पहिला विचार मनात आला तो तुझ्या खोलीतल्या त्या पेटीचा. तुझ्या मापाची. मोरपंखी अस्तराची. मीच ती टेम्पोत घालून तुझ्या उशाशी आणून ठेवली. माझ्या खोलीतली ठोक कोणाची होती, ते आता कळलं असं वाटलं.

होतो तसा निघालो. कुलूप लावलं, कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो. पण या खेपेला कुलूप ओढलं नाही. काढलं. आत गेलो, कामाच्या खोलीत, भुश्शातच गुडघे टेकले.

मोठ्यानं बोललो. तुझ्याएवढा आवाज लागला नाही, पण सिद्धलिंगप्पानं खिडकी उघडल्याचं ऐकू आलं. आधी म्हणालो, ती ठोक परत दे, ती माझी आहे, तिची नाही. एवढं बोलून थांबलो. ही प्रार्थना नव्हती. वस्तू चुकीच्या पत्त्यावर गेली म्हणून दुकानात भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाचं बोलणं होतं ते. दोन वर्षं मी असाच बोलत आलो असणार, नाहीतर गप्प बसत आलो.

मग म्हणालो, ती दार उघडायला उठते तेव्हा तिचा श्वास तिला पुरू दे. प्रियंका रात्रभर माणसांच्या उशाशी उभी असते, तिच्या उशाशी तू राहा. कोण आधी, कोण नंतर, कधी, ते तुझं तू बघ. मी माप घेणार नाही.

मार्थाचं नावही घेतलं. ते दोन वर्षांत मोठ्यानं घेतलं नव्हतं.

काही झालं नाही, अक्का. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. भुसा नाकात जाऊन शिंक आली. उठलो, तर चहा प्यावासा वाटला. केला. ओट्याशी उभं राहून नाही, खुर्चीवर बसून प्यालो, आणि कप रिकामा झाला तेव्हा लक्षात आलं की मध्ये एकदाही उठलो नाही. मार्था गेल्यापासून मी एक कप चहा सलग प्यालेलो नव्हतो. एवढंच झालं. पण मला ते पुरेसं वाटलं.

काळजी गेली असं लिहिणार नाही. मोघम लिहायची मला सवय नाही. हे लिहितानाही तुझ्या श्वासाचा विचार मनात आहे. फक्त आता तो एकट्यानं धरून बसावं लागत नाही. दुसऱ्या टोकाला कोणीतरी हात लावलाय असं वाटतं. जड वस्तू दोघांनी उचलली की जसं वाटतं, तसं.

पेटी झाली आहे. साडेतीन सप्तकं, सूर जुने पण एकही किणकिणत नाही. पट्ट्यांच्या पुढची फळी मुद्दाम पातळ ठेवली आहे, तुझं मनगट टेकायला. मी डोळे मिटून, कानात कापूस घालून मनगट टेकवून बघितलं. षड्ज कोपरापर्यंत येतो.

शनिवारी बिरदेवबरोबर येतो. ईस्टरनंतर लगेच परतणार नाही. प्रियंकाला कळवलंय, तिला सुट्टी मिळाली तर तीही तिकडंच येईल. तुझी हरकत असेल तरी येणार. दारापर्यंत जाताना भिंत धरायची गरज नाही. एका वेळी तू उघड, एका वेळी मी उघडतो. मला ऐकू आली नाही, तरी तू खूण कर.

तुझा धाकटा,
बन्यामीन

ता. क. बिरदेवनं सगळ्या सोलापुरात सांगितलेलं दिसतं. काल कुंडलिक नावाचा एक माणूस आला होता. मातीला लागणाऱ्या सामानाचं नवं दुकान काढतोय. त्याला आतून कडी लागणाऱ्या पेट्या हव्या आहेत. म्हणाला, असा माल कुठंच मिळत नाही, घरच्यांना धीर येतो, दर महिन्याला चार घेईन. मी सांगितलं, तसली एकच झाली, तीही चुकून, आणि तिच्यात माझी बहीण वाकळा ठेवते. तो म्हणाला, "मास्तर, पेटी कशीही करा, मोल त्या कडीचंच आहे." मी म्हटलं, ती कडी बसवताना माझ्याजवळ जेवढी भीती होती तेवढी आता नाही, त्यामुळं ती तशी बसणार नाही. त्याला काही कळलं नाही. दारातून पुन्हा एकदा मागं वळून त्यानं आकडा सांगितला, आणि मी पुन्हा नाही म्हणालो. एका पेटीला अठ्ठावीस हजार रुपये.